बॅट कुठे गेली ते बघा

टेबल टेनिसमधल्या स्पिनवर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. मी मुलांना हा खेळ शिकवते आणि माझं ठाम मत आहे की स्पिन हे हुशार मुलांनाच उमगणारं गूढ नाही. त्यामागे एक साधा नियम आहे. तो पहिल्याच उत्तरात सांगते, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो लागणार आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, नियमित टीटी खेळते. परवा एका स्पर्धेत समोरच्या मुलीची सर्व्हिस तिला एकदाही नीट परत करता आली नाही. नुसती बॅट लावली तरी बॉल उजवीकडे टेबलाबाहेर जायचा. सर म्हणतात, "बॉल नको, तिची बॅट बघ." बॉलवरची नजर काढून कसं खेळायचं?
– एक आई, नाशिक

उत्तर : सर अगदी बरोबर सांगताहेत. नियम असा: समोरच्याची बॅट बॉलला लागताना ज्या दिशेने जात होती, त्याच दिशेला तुमच्या बॅटवरून बॉल पळतो. तिची बॅट खालून वर गेली, तर तो टॉपस्पिन. तुम्ही बॅट सरळ उभी धरलीत तर बॉल वर उडणार. बॅट वरून खाली गेली, तर आपण ज्याला कट म्हणतो तो बॅकस्पिन. बॉल तुमच्या बॅटवरून खाली, नेटमध्ये जाणार. बॅट बाजूला गेली, की बॉलही त्याच बाजूला.

असं का होतं? बॉल फिरत फिरत येतो आणि तुमच्या बॅटवरच्या रबराला चिकटतो. फिरणारा पृष्ठभाग रबराला एका दिशेला ओढतो, रबर त्याला उलट दिशेला ढकलतं. त्या ढकलण्याची दिशा समोरच्या बॅटच्या दिशेशी बरोबर जुळते. हे कागदावर बाण काढून मुलीला दाखवा, पाच मिनिटांत पटेल.

तुम्ही वर्णन केलेली सर्व्हिस बहुधा पेंड्युलम असावी. उजव्या हाताची खेळाडू टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी उभी राहते, बॅट हँडलपाशी चिमटीत धरते, बॉल वर टाकते आणि मनगटातून बॅट लंबकासारखी पोटासमोरून नेते. म्हणजे बॅट गेली तिच्या उजवीकडून डावीकडे. तिची डावी बाजू ती तुमच्या मुलीची उजवी. मुलीने बॅट नुसती लावली, बॉल उजवीकडे बाहेर. नियमाप्रमाणेच झालं सगळं.

तोड त्याच नियमात आहे. समोरचीची बॅट जिथून निघाली, त्या बाजूला नेम धरायचा. इथे मुलीने स्वतःच्या डावीकडे बॅटचं तोंड वळवायचं. नेम टेबलाच्या डाव्या कडेवर धरला तरी बॉल जाऊन मध्यावर पडतो. आणखी एक गोष्ट मुलीला सांगा, कारण या वयात घाबरून सगळी मुलं उलटंच करतात: हळूच, भीतभीत बॅट लावली की समोरचीची स्पिन पुरती अंगावर येते. आपण निश्चयाने पुढे स्ट्रोक मारला, तर आपलीच स्पिन बॉलवर चढते आणि तिची कमी लागते.

आता बॅट बघायची कधी? फक्त बॅट बॉलला लागते त्या क्षणी. आधीची झुलवाझुलव आणि नंतरचा हात फिरवणं, दोन्ही फसवण्यासाठी असतं. बॉलला लागून झाल्यावर चांगले खेळाडू बॅट मुद्दाम उलटीकडे नेतात. तेव्हा नजर लागण्याच्या क्षणावर, आणि तिथून बॉलवर. याची तालीम बॅट हातात न घेता होते. मुलीला टेबलाच्या टोकाला, दोन चांगले खेळाडू सर्व्हिसचा सराव करत असतील तिथे उभं करा. बॉल नेट ओलांडायच्या आत तिने मोठ्याने सांगायचं: "खाली", "वर", "खाली-डावीकडे". बहुतेक सर्व्हिस अशा मिश्रच असतात. मी माझ्याकडच्या मुलांकडून हे रोज करून घेते. ज्या मुलांना ओरडायची लाज वाटत नाही ती लवकर शिकतात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. टीटीच्या टॉपस्पिनमध्ये बॉल हवेतच एकदम खाली बसतो. क्रिकेटच्या बॉलचं असं एवढं होताना दिसत नाही. मुलांना वर्गात करून दाखवता येईल असं काही सुचवाल का?
– एक शिक्षक, सांगली

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. या कारणाला माग्नुस परिणाम म्हणतात. बर्लिनचे शास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाव्ह माग्नुस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फिरत्या वस्तूंवर प्रयोग केले, त्यांचं नाव याला मिळालं. फिरणारा बॉल जवळची हवा आपल्याबरोबर ओढतो आणि मागे सुटणारा प्रवाह एका बाजूला वळवतो. हवा एका बाजूला ढकलली गेली की बॉल दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. टॉपस्पिनमध्ये हवा वर फेकली जाते, बॉल खाली. बॅकस्पिनमध्ये उलट, म्हणून कट केलेला बॉल तरंगत येतो. साइडस्पिनमध्ये बॉल हवेत बाजूला वळतो.

क्रिकेटशी फरक वजनाचा. क्रिकेटचा बॉल साधारण १६० ग्रॅमचा, आपला २.७ ग्रॅमचा. क्रिकेटचा बॉल आकाराने दुप्पटही नाही, पण वजनाला जवळजवळ साठपट. हवेचा तोच धक्का हलक्या बॉलला कितीतरी जास्त हलवतो. चांगल्या लूपमध्ये, म्हणजे खालून वर घासत मारलेल्या जबर टॉपस्पिनमध्ये, आपला बॉल सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेतो, आणि तेव्हा हवेचा खाली ढकलणारा जोर जवळपास बॉलच्या वजनाइतका होतो. म्हणजे बॉल दुप्पट जड झाल्यासारखा खाली येतो. टेबल २.७४ मीटर लांब आणि मध्ये १५.२५ सेंटिमीटरचं नेट. एवढ्याशा जागेत जोरात मारलेला बॉल टेबलावर उतरतो तो याच आधारावर. टॉपस्पिन नसता तर जोरात मारायला छातीच झाली नसती कुणाची.

वर्गासाठी तीन प्रयोग.

ए-फोर कागदाची चार-पाच सेंटिमीटर जाडीची नळी करून चिकटपट्टी लावा. एक फळी टेबलाच्या कडेशी उतरती ठेवा आणि नळी तिच्यावरून सोडा. मुलांना आधी विचारा, कुठे पडेल? सगळी म्हणतील, टेबलापासून लांब. नळी कडेवरून सुटते आणि वळून मागे, टेबलाखाली जायला बघते. गोंगाट होईल, होऊ द्या.

दुसरा: बॉल टेबलावर ठेवा आणि आपल्याकडच्या कडेला बोटाने दाबून तो पुढे सटकवा. बॉल उलटा फिरत पुढे जातो, थांबतो आणि परत हाताशी येतो. बॅकस्पिन टेबलावर पडल्यावर काय करतो ते इथे दिसतं: टप्प्यावर वेग मरतो, बॉल पुढे यायचं टाळतो. टॉपस्पिनचा बॉल टप्प्यानंतर खाली राहून पुढे झेपावतो, म्हणून नवखा खेळाडू त्याला नेहमी उशिरा पोचतो.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. बॉल भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरवा. तो तिथेच फिरत राहतो, कुठे पळत नाही. आता तसाच फिरवून हलकेच भिंतीवर फेका. भिंतीला लागला की बाजूला पळतो. साइडस्पिनचं नेमकं हेच आहे. हवेत वळला तरी टेबलाच्या टप्प्यावर फारसा वाकडा होत नाही, आणि बॅटवर मात्र झटका देतो, कारण टेबल आडवं आहे आणि बॅट उभी. टप्प्यावरच बॉल बाजूला उडत असेल, तर तो गोळीसारखा, म्हणजे जाण्याच्या दिशेभोवती फिरतो आहे असं समजा. काही सर्व्हिसमध्ये अशी स्पिन असते, आणि तिचा बॉल हवेत जवळजवळ सरळ येऊन टेबलावर अचानक वळतो.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. जिल्हा स्पर्धेत एक दादा दोन सर्व्हिस करायचा, दिसायला अगदी सारख्या. एक कट असायची, ती मी उचलली की ठीक. दुसरी तशीच उचलली की बॉल खूप वर जायचा आणि तो स्मॅश मारायचा. कसं ओळखू?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुझं निरीक्षण छान आहे. निम्मं काम तू केलंस. दुसरी सर्व्हिस फ्लोट, म्हणजे जवळजवळ स्पिन नसलेली. तू कट समजून बॅट उघडलीस, म्हणजे तिचं तोंड वर केलंस, पण बॉलला खाली ओढणारी स्पिन नव्हतीच, म्हणून तो वर गेला.

दोन्हींत बॅट खालीच जाते, म्हणून दिशा बघून इथे भागत नाही. बॉल बॅटच्या कोणत्या भागाला लागला ते बघ. मनगट फिरवताना बॅटचं टोक सगळ्यात जोरात फिरतं, हँडलजवळचा भाग हळू. टोकाला, खालच्या कडेजवळ बॉल नुसता घासून गेला तर जबर कट. तोच झटका, पण बॉल हँडलजवळ जरा थेट लागला तर फ्लोट. कानही उघडे ठेव. घासलेल्या बॉलचा आवाज पुसट येतो, थेट लागलेल्याचा स्पष्ट "टक". मैदानात दहा टेबलं चालू असतात तेव्हा हे कठीण जातं, पण सरावात कान तयार होतो. तिसरी खूण बॉलवरच्या छापाची. फ्लोट बॉलवर कंपनीचा छाप ओझरता दिसतो, जबर स्पिनमध्ये तो पुसून जातो. शिवाय कटचा बॉल टप्प्यावर अडखळतो आणि फ्लोट जरा जास्त पुढे येतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा घाई करू नकोस. बॉल उंचावर येऊ दे, बॅट थोडी कमी उघड आणि लांब पुश कर, म्हणजे बॉल टेबलावर खोलवर ढकल. लांब बॉलवर स्मॅश मारणं दादालाही सोपं जाणार नाही.

तुझे हक्कही माहीत असू देत. सर्व्हिस करताना बॉल उघड्या तळव्यावरून किमान १६ सेंटिमीटर वर, जवळजवळ सरळ टाकावा लागतो, आणि बॉल बॅटला लागताना हाताने किंवा अंगाने लपवायचा नाही. लपवायचा नाही हा नियम २००२ पासूनचा. आधी खेळाडू हाताआड लपवून सर्व्हिस करायचे आणि समोरच्याला बॅटची दिशाच कळायची नाही. कुणी लपवत असेल तर पंचांना नम्रपणे सांग. त्यात काही चूक नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर पुन्हा खेळू लागलो आहे. क्लबात एक गृहस्थ एका बाजूला लांब दाण्यांचं रबर लावून खेळतात. मी कितीही चांगला टॉपस्पिन मारला तरी बॉल कट होऊन परत येतो आणि माझा पुढचा बॉल नेटमध्ये. त्यांची बॅट तर जागची हलतही नाही! हे नियमात बसतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काका, पूर्ण नियमात बसतं. आणि ती लबाडी नाही, वेगळी कला आहे. आपली मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स, म्हणजे हेच लांब दाणे, लावूनच २०१८ च्या गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्णपदक जिंकली. राष्ट्रकुल स्पर्धांत महिला एकेरीत भारताचं ते पहिलं सुवर्ण. तिथे तिने हरवलेली सिंगापूरची फेंग तियानवेई जगातल्या अव्वल खेळाडूंत होती.

तुमच्या गृहस्थांची बॅट न हलता बॉल कट होतो, कारण ती स्पिन तुमचीच आहे. साधं गुळगुळीत रबर बॉलला पकडतं आणि त्याचं फिरणं उलटवतं. लांब दाणे बॉल लागल्यावर वाकतात, त्यामुळे पकड बसत नाही आणि बॉल ज्या दिशेने फिरत होता तसाच फिरत राहतो. जाण्याची दिशा मात्र उलटली. जो बॉल जाताना टॉपस्पिन होता, तो तसाच फिरत तुमच्याकडे परत आला की त्यालाच बॅकस्पिन म्हणायचं. जितका जबर तुमचा लूप, तितका जबर त्यांचा कट.

म्हणून इथे बॅट बघायची ती स्वतःची. तुमची बॅट आधीच्या स्ट्रोकला वर गेली होती? येणारा बॉल कट आहे, बॅट उघडा, पुश करा किंवा खालून उचलून लूप मारा. तुमची बॅट खाली गेली होती, म्हणजे तुम्ही कट पुश केला होता? ते गृहस्थ ढकलताना कितीही कट केल्यासारखा हात खाली नेवोत, बॉलवर कट नसतो, हलका टॉपस्पिन किंवा फ्लोट येतो. तो बॉल मारायचा. दोन्ही वेळा तुमच्या हातून नेटमध्ये किंवा बाहेर जातं ते त्यांच्या हाताकडे बघून.

डाव असा लावा: त्यांच्या दाण्यांवर लांब, साधा, स्पिन नसलेला बॉल द्या. दाण्यांना खायला स्पिनच नाही मिळाली की ते काही करू शकत नाहीत. किंवा कट पुश करा आणि परत येणाऱ्या बॉलवर जोरात जा. लागोपाठ दोन लूप मारायचे असतील तर दुसऱ्याला गुडघे वाकवून बॅट बरीच खालून आणा.

ते मध्येच बॅट फिरवून दुसरी बाजू पुढे आणत असतील, तर रंगावर लक्ष ठेवा. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची रबरं लावून खेळाडू समोरच्याला पार गोंधळवायचे. म्हणून १९८६ पासून एक बाजू लाल, दुसरी काळी असा नियम झाला. २०२१ पासून लालऐवजी आणखी काही ठळक रंग चालतात, पण एक बाजू काळी हवीच. मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे. नक्की बघा, दाण्यांवरून अंगठा फिरवा, कोणता रंग कोणत्या बाजूला ते पक्कं करा.

प्रश्न : आम्ही गेम २१ पॉइंटांचा असायचा त्या काळचे खेळाडू. माझा लूप जुन्या बॉलवर जसा बसायचा तसा आताच्या प्लास्टिकच्या बॉलवर बसत नाही. वय झालं की बॉल बदलला? शिवाय माझे वडील १९५२ ची मुंबईतली जागतिक स्पर्धा पाहून आले होते. तिथे एका जपानी खेळाडूच्या बॅटचा आवाजच यायचा नाही, असं सांगायचे. हे खरं आहे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : बॉल बदलला, काका. सिडनी ऑलिंपिकनंतर, २००० साली, बॉल ३८ मिलिमीटरचा ४० झाला आणि २.५ ग्रॅमचा २.७. खेळ टीव्हीवर दिसावा, जरा संथ व्हावा, हा हेतू होता. मोठा, जड बॉल फिरवणं कठीण. गणित मांडलं तर तोच घासा दिल्यावर फेरे साधारण आठव्या हिश्शाने कमी होतात. पुढे २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं आणि बॉल आणखी किंचित मोठा झाला. त्यात २००८ साली वेगवान ग्लू, म्हणजे रबर चिकटवायचा आणि बॉलला जादा वेग देणारा गोंद, तोही बंद झाला. तुमचा पातळ, घासून वर नेणारा लूप जुन्या बॉलवर सुंदर दिसत असेल. मला स्वतःला तो लूप बघायला आजही आवडतो. पण आताच्या बॉलला जरा जाडसर लागावं लागतं: बॉल आधी रबराखालच्या स्पंजमध्ये रुतवा, मग वर आणि पुढे ओढा. टप्प्यानंतर बॉल खाली येईपर्यंत थांबू नका, उंचीवर असतानाच घ्या. खांद्यापेक्षा कंबर जास्त वळवा, म्हणजे या वयातही जोर मिळेल.

वडिलांनी सांगितलं ते पूर्ण खरं. हिरोजी साटो त्याचं नाव. जाड स्पंजची बॅट घेऊन तो मुंबईत आला आणि पुरुष एकेरीचा जगज्जेता होऊन गेला. तोवर सगळे दाण्यांच्या कडक रबरावर खेळायचे, आवाजावरून फटका ओळखायचे. स्पंजने आवाजच गिळला आणि समोरच्यांचे कान निकामी झाले. पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. १९५९ साली नुसता स्पंज बंद झाला, आणि स्पंजवर रबर, दोन्ही मिळून फार तर ४ मिलिमीटर जाडी, असं ठरलं. आज आपल्या हातात आहे ती बॅट त्या निर्णयातून आली, आणि लूपही त्याच रबरावर जपानात घडला. मुंबईच्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. आजच्या सगळ्या स्पिनच्या खेळाला वळण देणारी घटना त्यांच्याच शहरात घडली आणि त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

प्रश्न : पावसाळ्यात माझी स्पिन लागतच नाही. रबर बदलावं का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आधी बदलू नका. दमट हवेत रबरावर आणि बॉलवर ओलावा धरतो, पकड जाते आणि बॉल घसरतो. सुती कोरडं फडकं खिशात ठेवा. नियमाप्रमाणे दर सहा पॉइंटांनी टॉवेल घेता येतो, तेव्हा बॅटही पुसा आणि बॉलही. पॉइंट चालू नसताना तळहाताने रबर पुसायची सवय असेल तर पावसाळ्यापुरती सोडा, घामाने ते आणखी घसरतं. खेळून झालं की रबर ओल्या स्पंजने पुसून वाळू द्या आणि वरून प्लास्टिकचा पातळ कागद लावून बॅट कव्हरमध्ये ठेवा. ऑक्टोबरमध्येही बॉल घसरत असेल, तर मग रबर संपलं. बॉल रबरावर घासून बघा, अजिबात अडत नसेल तर नवीन घ्या.